काचेतली पैठणी आणि वाकळीतले लुगडे

छत्रपती संभाजीनगरच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराण वस्तुसंग्रहालयात एक पैठणी आहे. चारशे वर्षांपूर्वीची म्हणून ती दाखवली जाते आणि बघणारे तिच्यापुढे जरा जास्त वेळ थांबतात. थांबावे असेच ते वस्त्र आहे. पण ते बघताना एक साधा प्रश्न मनात यायला हरकत नाही. पैठणपासून कन्नडपर्यंत आणि वैजापूरपासून सोयगावपर्यंत या चारशे वर्षांत बायकांनी रोज जी लुगडी नेसली, पुरुषांनी जी धोतरे नेसली आणि जी मुंडाशी बांधली, ती कुठे गेली? संख्येने ती पैठणीच्या हजारो पटींनी असणार. टिकली मात्र पैठणी.

मराठवाड्याच्या वस्त्रांबद्दल आपल्याकडे जे लिहिले गेले ते बहुतेक पैठणी आणि हिमरू या दोन शब्दांभोवती फिरते. त्यात चूक काही नाही. ही दोन्ही वस्त्रे जगात मिरवावीत अशीच आहेत. मात्र या दोन वस्त्रांचा इतिहास म्हणजे इथल्या लोकांच्या पोशाखाचा इतिहास, अशी जी एक समजूत त्यातून तयार झाली आहे, ती तपासून पाहायला हवी. ही वस्त्रे इथे विणली गेली. इथल्या बहुतेकांनी ती कधी अंगाला लावली नाहीत.

हिमरूची कथा परिचित आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला आणली, तिचे दौलताबाद झाले आणि दिल्लीच्या लवाजम्याबरोबर विणकरही आले, अशी परंपरा सांगते. राजधानी परत गेली, काही विणकर राहिले. पुढे १६१०मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तिचे औरंगाबाद झाले, मोगल सुभेदारांच्या छावण्या आणि सरदारांचे वाडे आले आणि भारी कापडाला गिऱ्हाईक मिळाले. त्या काळी प्रतिष्ठेचे कापड म्हणजे किनखाप, सोन्यारुप्याच्या जरीने भरलेले रेशीम. तो ज्यांना परवडत नव्हता पण त्याची ऐट मात्र हवी होती, त्यांच्यासाठी सुती ताण्यावर रेशमी धाग्यांची नक्षी भरून हिमरू विणला जाई. ‘हम-रू’, म्हणजे सारख्या तोंडवळ्याचा, यावरून हे नाव आले असे सांगतात. नक्कल असल्याची कबुली नावातच देणारे कापड विरळाच. त्याचाच चुलतभाऊ मशरू. शुद्ध रेशीम पुरुषाच्या अंगाला लागू नये या धार्मिक संकेतातून वाट काढण्यासाठी त्याची आतली बाजू सुती आणि बाहेरची रेशमी.

जुन्या मागावर नक्षीच्या दोऱ्यांचा जाळा वर बांधलेला असे. वर बसलेला पोरगा ठरल्या क्रमाने दोऱ्या ओढी आणि खाली खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर धोटा फेकी. अशा मागावरून दिवसाला काही बोटे कापड उतरायचे. त्याच्या शेरवान्या, शाली, टोप्या, रजयांचे अभरे होत. उलट्या बाजूला धागे मोकळे सुटलेले असतात म्हणून हिमरूला अस्तर लावावे लागते. म्हणजे शिंप्याचा खर्च वेगळा. विणकराच्या किंवा जाळ्यावर बसलेल्या पोराच्या अंगावर हिमरू असण्याचे काही कारणच नव्हते.

पैठणीचेही तेच. माधवराव पेशव्यांनी १७६६मध्ये पैठणहून आसावलीच्या नक्षीचे दुपट्टे मागवले होते, तांबडे, हिरवे, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी. रंगांची ती यादी वाचतानाच दरबार डोळ्यांसमोर येतो. नंतर हैदराबादच्या निजाम घराण्याचा आश्रय मिळाला आणि १९३१मध्ये त्या घराण्यात सून म्हणून आलेल्या तुर्की राजकन्या निलोफर यांनी काठापदराच्या नक्षीत नवी भर घातली, असे सांगतात. पुण्याचा पेशवा, हैदराबादचा निजाम, इस्तंबूलच्या घराण्यातली राजकन्या. या नामावळीत पैठणच्या घाटावर धुणे धुणारी बाई कुठेच नाही. तिला पैठणी मिळाली ती फार अलीकडे, स्वप्न म्हणून. २००४पासून दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी एक पैठणी जिंकायला मिळू लागली आणि महाराष्ट्राच्या घराघरांत ती ‘आपली परंपरा’ झाली.

मग सामान्यांच्या वस्त्रांची नोंद मुळी नाहीच का? आहे, आणि ती पैठणीपेक्षा जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रप्रवासाची जी माहितीपुस्तिका लिहिली, त्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, ही दोन गावे येतात. पैठणहून गाड्यांतून मौल्यवान खडे भडोचला जात. तेरहून काय जाई? पुष्कळसे साधे, सामान्य प्रतीचे कापड, आणि त्याबरोबर काही मलमली. दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्याची कापडातली ओळख जाड्याभरड्या सुती ताग्यांची होती आणि त्याला परदेशात मागणी होती. इथल्या काळ्या मातीतल्या कापसाचा तो सरळ हिशेब आहे. गोरोबा कुंभारांचे गाव म्हणून आपण तेरला ओळखतो. या ताग्यांसाठीही ओळखायला हवे.

अजिंठ्याच्या भिंतींवर आणखी एक गोष्ट दिसते. पाचव्या शतकातल्या या चित्रांत राजे आणि राण्या बहुतेक न शिवलेल्या वस्त्रांत आहेत. कमरेला तलम किंवा पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र आणि वर अंगभर दागिने. शिवलेले अंगरखे, बाह्यांच्या चोळ्या दिसतात त्या दासी, नर्तकी, सैनिक आणि परदेशी पाहुण्यांच्या अंगावर. पहिल्या लेण्यातली महाजनक जातकातली नर्तकी अंगभर शिवलेले वस्त्र ल्यायली आहे आणि तिच्यासमोरची राजघराण्यातली माणसे तिच्यापेक्षा कितीतरी उघडी आहेत. शिवलेले म्हणजे सभ्य आणि न शिवलेले म्हणजे गावंढळ ही आपली समजूत इथे पार उलटी पडते. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय पोशाखावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा अशा शिल्पचित्रांचाच त्यांना मोठा आधार होता. कारण प्रत्यक्ष कापड उरत नाही. आपले हवामान, वाळवी आणि आपली काटकसर यांच्यापुढे ते टिकत नाही. त्यांतल्या काटकसरीकडे पुढे यायचेच आहे.

आधी लोक काय नेसत होते ते पाहू.

बाईचे लुगडे आठ-नऊ वारांचे. कमरेशी गाठ मारायची, पुढे निऱ्या खोचायच्या, मधला भाग दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा घालायचा आणि उरलेला पदर खांद्यावर किंवा डोक्यावर. कृती सांगायला एवढीच, पण कासोटा किती घट्ट, लुगडे पोटरीवर की घोट्यावर, ओचा काढला की नाही, पदर डावा की उजवा, यावरून बाई कोणत्या घरातली हे लांबूनच ओळखता येई. रोपे लावणारी, मोटेवर राबणारी बाई लुगडे गुडघ्याशी आवळून घेई. ज्या घरातल्या बाईला चिखलात उतरावे लागत नव्हते तिचे लुगडे घोट्यापर्यंत येई. पोशाखातला हा फरक आवडीनिवडीचा नव्हता. तो कामाचा आणि जातीचा होता, आणि तो फरक पाळायला लावणारे गाव होते.

या लुगड्यांपैकी बरीचशी विणली जात दक्षिणेत. निजामाच्या राज्यात असल्याने नारायणपेठची लुगडी इकडच्या बाजारात सहज येत. इरकली लुगडे कर्नाटकातल्या इलकलचे, त्याचा तांबडा पदर आणि त्यावरचे पांढरे पट्टे प्रसिद्ध. चोळीचा खण गुळेदगुड्डचा. आज शाळेतल्या ‘पारंपरिक वेशभूषा’ स्पर्धेत अस्सल मराठमोळा म्हणून जो वेश बक्षीस मिळवतो, त्यातला बराचसा कानडी मुलखातल्या मागांवरून आलेला आहे. चोळीचे तरी काय? पुढे गाठ मारायची खणाची चोळी जुनी. तिच्यानंतर आलेले ‘झंपर’ हे इंग्रजीतल्या जंपरचे मराठी रूप. आजीच्या तोंडी हे शब्द इतके मुरले होते की ते परके असतील अशी शंकाही आपल्याला येत नसे.

पुरुषांचे कपडे याहून कमी आणि याहून साधे. शेतात लंगोटी किंवा आखूड धोतर, वर बंडी किंवा उघडे अंग, डोक्याला मुंडासे. बाजाराला किंवा पाहुण्यांकडे जाताना लांब धोतर, पैरण, उपरणे आणि पटका. बंदांनी बांधायची बाराबंदी बऱ्या घरातल्या पुरुषांची. पैरण हा फारसीतल्या पैराहनचा मराठी अवतार. रुमाल, पायजमाही तिकडूनच आले. निजामी अमलात कचेरीत आणि दरबारात शेरवानी चाले, डोक्याला रुमी टोपी. त्यामुळे एकाच गावात पाटलाचा पटका, तलाठ्याची टोपी आणि तालुक्याहून आलेल्या अंमलदाराची शेरवानी शेजारी शेजारी बसलेली असत, आणि कोणी कोणापुढे उभे राहायचे हे कपड्यांवरूनच ठरलेले असे.

या सगळ्यांपेक्षा उपयोगी वस्त्र घोंगडी. दख्खनी मेंढीची काळी लोकर धनगरांची, विणकाम बहुधा सनगरांचे, खड्डामागावर. विणण्याआधी लोकरीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ देत, त्याने धागा ताठ होतो. ही घोंगडी पावसात डोक्यावरून घोंगते करून घ्यायची, थंडीत पांघरायची, खळ्यावर अंथरायची, पाहुण्याला बसायला द्यायची आणि देवाच्या कार्यातही तीच लागायची. सालगड्याच्या कराराचा ती एक भाग असे. पाडव्याला साल ठरायचे तेव्हा धान्य आणि रकमेबरोबर धोतर, पायताण आणि घोंगडी यांचे बोलणे होई. वर्षाच्या श्रमाचा मोबदला अंगावरच्या कापडात मोजला जाण्याची ही पद्धत लक्षात ठेवली, म्हणजे त्या कापडाची किंमत कळते. सालगड्याच्या दृष्टीने धोतर हा पेहराव नव्हता. तो पगार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे चित्र हलू लागले. १८८९मध्ये औरंगाबादेत सूत काढण्याची आणि कापड विणण्याची गिरणी उभी राहिली. १९००मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. या रेल्वेने कापूस बाहेर नेला आणि गिरणीचे कापड आत आणले. साळी, कोष्टी, मोमीन यांच्या हातमागांवरचे जाडेभरडे कापड आधी मागे पडले, कारण गिरणीची स्पर्धा नेमकी त्याच्याशीच होती. हिमरू आणि पैठणी आश्रयदात्यांच्या जोरावर आणखी काही काळ तगल्या. शहरातल्या रंगारगल्लीचे नाव आजही आहे; आल आणि निळीच्या हौदांची जागा मात्र रासायनिक पुड्यांनी केव्हाच घेतली. गिरणीच्या कापडाला आपण नंतर स्वदेशी-विदेशीच्या तराजूत तोलले. खेड्यातल्या बाईच्या लेखी त्याचा अर्थ सोपा होता. लुगडे हलके झाले, धुवायला सोपे झाले आणि वर्षाला एक जास्त मिळू लागले. ‘पातळ’ हे नाव तिनेच त्याला दिले असावे.

इथे थोडे लांब जाऊन येऊ, कारण याच काळात युरोपच्या एका कोपऱ्यात अगदी उलटे घडत होते.

रुमानियातली खेडूत बाई पांढऱ्या सुती किंवा तागाच्या कापडाचा सैल झगा घालते, त्याला ‘इये’ म्हणतात. त्याच्या खांद्यावर भरतकामाचा दाट पट्टा, त्याखाली एकाच रंगाची अरुंद पट्टी आणि तिच्याखाली बाहीवर तिरप्या उतरणाऱ्या नक्षीच्या ओळी. या ओळींना तिथे नद्या म्हणतात. कमरेला लोकरीचे न शिवलेले वस्त्र गुंडाळायचे. आपल्या लुगड्याला जवळचे वाटावे असे हे गुंडाळणे. पुरुषाच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा पांढरा सदरा, रुंद चामडी पट्टा, तंग लोकरी विजार, मेंढीच्या कातड्याची बंडी आणि पायात चामड्याच्या तुकड्याला दोऱ्यांनी आवळून केलेले ओपिंका नावाचे पायताण. सदऱ्याला ते ‘कमाशा’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘कमिसिया’वरून आला, तोच शब्द अरबीतून फिरत आपल्याकडे कमीज झाला आणि आपल्या खेड्यांत खमीस. डॅन्यूबकाठचा धनगर आणि गोदाकाठचा धनगर एकाच शब्दात हात घालून सदरा चढवत होते, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

रुमानियाच्या राण्यांनी, आधी एलिझाबेथने आणि नंतर मेरीने, हा खेडूत वेश स्वतः घातला, दरबारात मिरवला, त्यात छायाचित्रे काढून घेतली. शेतकरणीचा झगा राष्ट्राचे चिन्ह झाला. १९३६मध्ये दिमित्रिए गुस्ती या समाजशास्त्रज्ञाने बुखारेस्टमध्ये खेड्यांतली खरी घरे उचलून आणून ग्राम-संग्रहालय उभे केले. मातिसने १९४०मध्ये त्याच झग्यातल्या बाईचे चित्र पुरे केले. २०२२मध्ये रुमानिया आणि मोल्दोव्हा यांच्या संयुक्त प्रस्तावावरून खांद्यावरच्या भरतकामाचा हा झगा युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. राणीपासून चित्रकारापर्यंत सगळ्यांना शेतकरणीसारखे दिसावेसे वाटले.

आपल्याकडे तसे का झाले नाही, याचे एक उत्तर १९२७च्या डिसेंबरात महाडला मिळते.

महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. त्यात त्यांनी लुगड्याचा विषय काढला. तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे लोक ओळखतात, ती ओळख पुसा, उच्चवर्णीय बायका नेसतात तसे नेसा, हा त्यांच्या सांगण्याचा आशय. गळ्यातले आणि हातातले जाड दागिने उतरवण्याचेही त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी अनेक बायकांची लुगडी गुडघ्यावरून घोट्यापर्यंत आलेली होती, अशी नोंद आहे. एका रात्रीत. शिवणयंत्र लागले नाही, नवे कापड लागले नाही. त्याच लुगड्याच्या निऱ्या वेगळ्या पडल्या.

मला ही मराठी पोशाखाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची रात्र वाटते. पेशव्यांच्या आसावली दुपट्ट्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाची. लोकवेशाचे संशोधक जिला ‘वैशिष्ट्यपूर्ण नेसण’ म्हणून वहीत टिपतात, ती नेसणाऱ्या बाईसाठी कपाळावरच्या डागासारखी असू शकते. तिने ती सोडली तर परंपरा नष्ट झाली असे म्हणायचे, की एक शिक्षा संपली असे म्हणायचे? रुमानियातली राणी शेतकरणीचा झगा घालू शकली, कारण त्यामुळे राणीला कोणी विहिरीवरून हाकलणार नव्हते.

याच्या पुढची पावले मराठवाड्यात स्पष्ट दिसतात. १९५०मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतली दलित मुले नागसेनवनात शिकायला आली. त्यांच्यासमोर आदर्श होता तो सूट घातलेल्या, टाय बांधलेल्या माणसाचा. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षेसाठी लोक पांढरे कपडे घालून आले, आणि बौद्ध लग्नांत वधूच्या अंगावर पांढरी साडी आली. जुन्या रिवाजात पांढरे लुगडे सवाष्णीला वर्ज्य. म्हणजे इथे रंगाचाही अर्थ उलटवला गेला. आज मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत चौकातला पुतळा निळ्या सुटात उभा आहे. ‘पाश्चात्त्य कपडे’ म्हणून त्या सुटाकडे बघणाऱ्याला तो कळलेलाच नाही. धोतर आणि घोंगडी ज्यांना कामाबरोबर नेमून दिली होती, त्यांच्या नातवंडांनी निवडलेला तो पोशाख आहे.

सोडून देण्यासारखे फक्त गावकुसाबाहेरच होते असेही नाही. ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवेला तांबडे आलवण नेसावे लागे, त्यावर चोळी नाही. तेही ‘पारंपरिक वस्त्र’च. ते गेल्याबद्दल हळहळणारा कोणी मला भेटलेला नाही आणि कुठल्या वेशभूषा स्पर्धेत ते दिसल्याचेही ऐकिवात नाही. परंपरेतून आपण काय उचलतो आणि काय गुपचूप मागे ठेवतो, हे यावरून पुरेसे कळते.

बंजारा बाईचा वेश या सगळ्यात वेगळा पडतो. कन्नड-सोयगावच्या डोंगरांपासून जालना, परभणी, हिंगोली, नांदेडपर्यंत तांडे पसरलेले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारी, मोगल फौजांना रसद पुरवणारी ही माणसे. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, पाठ उघडी ठेवणारी कांचळी, डोक्यावरून जाड भरतकामाची ओढणी. आरसे, कवड्या, नाणी, शिशाचे मणी. केसांत घुगरी-टोपली, दंडापर्यंत बलिया. तिचे सगळे धन तिच्या अंगावर असे, कारण ठेवायला घर नव्हते. आगगाडीने बैलांची लादणी बंद पाडली, तांडे एका जागी बसले, आणि तरीही इतरांची लुगडी बदलल्यानंतर कितीतरी वर्षे हा वेश टिकला. १९२०मध्ये सय्यद सिराज उल हसन यांनी निजामी राज्यातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा लंबाडा स्त्रीचे वर्णन करायला लेखणी हमखास रेंगाळावी असाच हा वेश होता. गावात न मिसळलेल्यांना तो ‘आपण कोण’ हे रोज सांगत होता.

पण हाही वेश उतरलाच. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला आरसे आणि घुंगरांचा भार पेलत नाही. शाळेतल्या मुलीला तो वर्गात वेगळे पाडतो. आज तरुण बंजारा मुलगी साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये असते, आजीच्या पेटीतला फेटिया तीजेला किंवा होळीला बाहेर निघतो. त्याचे तुकडे मात्र शहरातल्या दुकानांत पिशव्यांवर आणि उशांवर लागून येतात. जिवंतपणी ज्या वेशाकडे संशयाने पाहिले गेले, तोच आता ‘एथनिक’ म्हणून महाग विकला जातो. यावर अधिक काही बोलण्याची गरज नाही.

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे वळतो, ती लुगडी गेली कुठे याकडे. माझ्या मते आपल्या लोकवेशाचे खरे संग्रहालय घराघरांत होते आणि आपण त्यावर झोपत होतो.

लुगड्याचे आयुष्य असे असे. नवे लुगडे आधी सणाला आणि गावाला जायला. रंग उतरला की घरात. मग शेतात. मधला भाग विरला की ते मधोमध फाडायचे, न झिजलेले काठ आत घेऊन पुन्हा जोडायचे. याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे नेसून चारचौघांत जायची पाळी येणे हा गरिबीचा जाहीरनामा होता, म्हणून बायका तो दंड निऱ्यांत लपवत. तेही फाटले की त्याचे धडपे, मुलीला नेसायला. त्यातून बाळाची दुपटी, कुंची, टोपडे. नव्या बाळाला जुने मऊ कापडच घालायचे, ही रीत प्रेमाची होती आणि सोयीचीही. उरलेली धडुती साठवून, थरावर थर टाकून वाकळ शिवायची. वाकळीचाही जीव गेला की पोतेरे, आणि शेवटी तेलात बुडवून काकडा. इतक्या हातांतून गेल्यावर काचेआड ठेवायला उरणार काय?

जरीच्या वस्त्रांचे नशीब वेगळे. पैठणी आयुष्यात दहा-वीस वेळा नेसली जायची, म्हणून टिकली. आणि जी टिकली नाही ती बोहारणीकडे गेली, दोन पातेल्यांच्या बदल्यात. खऱ्या जरीचे वस्त्र जाळून सोनेचांदी काढण्याचा धंदा जुना आहे. म्हणजे पैठणीसुद्धा कितीतरी गेल्या. पण त्या जाताना धातू देऊन गेल्या.

वाकळ मात्र हातात घेऊन वाचता येते. कडेकडेने आत जाणारा धावदोऱ्याचा चौकोनी फेर, वरचा थर बहुधा सगळ्यांत धड लुगड्याचा. शिवण कुठे उसवली तर खालचे थर दिसतात. वर नायलॉनचे पाचवारी, त्याखाली गिरणीच्या पातळाचा छापील तुकडा, त्याखाली इरकली काठ, आणि सगळ्यांत आत, कोणाच्या पणजोबांच्या धोतराचे जाड, पिवळट पडलेले कापड. सासूचे आणि सुनेचे लुगडे एकाच टाक्याखाली आलेले असते. १९०० नंतरचा मराठवाड्यातल्या कापडाचा बाजार त्यात खालून वर क्रमाने लावून ठेवलेला आहे. एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने गावोगावच्या शंभर जुन्या वाकळी मिळवून त्यांच्या शिवणी उसवल्या, थरांची मापे घेतली, सूत हातचे की गिरणीचे हे पाहिले, रंग तपासले, तर जे हाती लागेल ते कुठल्याही गॅझेटियरमध्ये मिळणार नाही. घाई मात्र करायला हवी. वाकळी शिवणाऱ्या पिढीने हात आवरले आहेत आणि घरोघरी आता पानिपतची ब्लँकेटे आली आहेत. ती हलकी असतात, धुवायला सोपी असतात. जुन्या वाकळी गोठ्यात वासरांखाली जातात, किंवा मांडवाच्या सामानात, ट्रकमधली भांडी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून.